नऊ वर्षांनी घसा मोकळा करताना

राजगडाखालच्या पालीत तो मला एकदाच भेटला. अंगात काळा टी-शर्ट, डोक्यावर टक्कल पडायला लागलेलं. रानावर, धुक्यावर किंचाळत गाणारा त्याचा ब्लॅक मेटल बँड नऊ वर्षांनी पुन्हा उभा राहणार होता.

"पूर्वी सराव इथंच करायचो. घसा उरलाय का, ते बघायला आलोय," तो म्हणाला.

भाताच्या बांधावर उभं राहून तो किंचाळला. माझा चहा सांडला. खाचरातली आजी मात्र हसतच वर आली.

"आलास व्हय रं? तू वरडायचास तवा रानडुकरं भाताकडं फिरकत न्हवती. इतकी वर्सं कुठं व्हतास?"

"जमतंय का आजी अजून?"

"जमंल. जरा जोर लाव."

मोठ्या मैफलींतही इतकी जाणती दाद मी ऐकलेली नाही. त्यानं बूट काढले, चिखलात पाय रोवले आणि पुन्हा किंचाळला.

या वेळी आजीनं मान डोलावली.