हेल्मेटचे डोळे

मूर्तीत प्राण येतो तो डोळ्यांतून. कुंभारगल्लीत हे कुणाला सांगावं लागत नाही. अंगाचा रंग घरातलं कुणीही मारतं, पण डोळ्यांची आखणी एकच माणूस करतो, आणि ती चालू असताना त्याच्याशी कुणी बोलत नाही. मला या गांभीर्याचं फारसं कौतुक नव्हतं. पण असे दोन डोळे महिनाभर आमच्या घरात खुंटीवर होते, आणि त्यांच्यासमोर मी शर्टसुद्धा बदलत नसे.

ते डोळे सायकलच्या हेल्मेटवर होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझे वडील निवृत्त शिक्षक. रोज सकाळी ते सायकलवरून उचगावला, त्यांच्या थोरल्या बहिणीला भेटायला जात. वाटेत हायवे ओलांडावा लागे. एकदा वळताना मागून आलेल्या टेम्पोचा आरसा त्यांच्या कोपराला घासून गेला. हे कळल्यावर परदेशातल्या चुलतभावाने हेल्मेट पाठवलं. पांढरं, वर पातळ प्लॅस्टिक, आत जाड पांढरा थर, हातात घेतलं तर काहीच घेतल्यासारखं वाटू नये इतकं हलकं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांचं मोठं पांढरं स्टिकर. आई म्हणाली, "एवढं डोक्यावर असलं की मला घोर नाही."

वडिलांनी ते दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पानवाल्याने हटकलं, "काय गुरुजी, खाणीत लागलाय व्हय कामाला?" चौथ्या दिवशी हेल्मेट खुंटीवर. डोकं फुटलं तरी चालेल, हसं होता कामा नये, असा आमच्या गल्लीचा एकंदर हिशेब होता.

रंगवून घ्यायची कल्पना माझी. वडिलांचा एक जुना विद्यार्थी गणपतीच्या मूर्ती करायचा. त्याच्याकडे रंग फवारायचं मशीन होतं आणि मुकुटांसाठी आणलेला सोनेरी रंग उरला होता. त्याने हेल्मेट हातावर तोललं, गोल फिरवलं आणि म्हणाला, "ह्याला डोळं पायजेत की, गुरुजी."

"मागच्या बाजूला?"

"गाडी मागनंच येतीया न्हवं? कुणीतरी बघतंय म्हटल्यावर डायवर जरा दबकून चालवंल."

वडील हसले, पण नको म्हणाले नाहीत. त्याने ब्लेडने जागच्या जागी स्टिकरचे बदामाच्या आकाराचे दोन तुकडे कापले आणि बाकीचं सोलून काढलं. डोळ्यांना पांढरी जमीन आयती मिळाली. तुकड्यांवर चिकटपट्टी लावून त्याने सगळं हेल्मेट थिनर मिसळलेल्या सोनेरी रंगाने दोनदा फवारलं. मग चिकटपट्टी काढली, पाण्यातला रंग घेतला, पांढऱ्याने अक्षरं झाकली आणि बारीक कुंचल्याने डोळे आखले. अर्धे मिटलेले, शांत. मी आपोआप गप्प बसलो होतो.

त्यानंतर कुणी हसलं नाही. पानवाला आता "रामराम गुरुजी" म्हणे. वडील पुढे गेले, की त्यांच्या पाठमोऱ्या डोक्याकडे पाहून तो नजर खाली घाली.

आवाज आधी आईने ऐकला. सकाळी खिडकीतून हेल्मेटवर ऊन आलं, की आतून बारीक करकर येई. सुकलेलं पान कुणी सावकाश चावावं तशी. आठवड्याने ती म्हणाली, "अहो, डोळे मोठे झालेत ह्याचे." मी तिची थट्टा केली. पंधरा दिवसांनी मलाच थट्टा सुचेना. अर्धे मिटलेले डोळे आता फुगून वर आले होते आणि त्यांच्याभोवतीचा सोनेरी चेहरा आजाऱ्यासारखा आत ओढला गेला होता. आईने हेल्मेट भिंतीकडे तोंड करून टांगलं. त्याने काही बरं वाटेना. ते आता भिंतीतून पाहतंय असं वाटू लागलं.

एका रविवारी मीही वडिलांच्या मागून सायकलने निघालो. वाटभर ते डोळे माझ्याकडे पाहत होते. उचगावच्या फाट्यावर वडील मागे न पाहता सरळ उजवीकडे वळले. मागच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरने शिवी देण्यासाठी तोंड उघडलं, हेल्मेटकडे पाहिलं आणि मिटलं.

"अण्णा, मागं बघितलंच नाही तुम्ही!"

"आता मी कशाला बघू?" ते म्हणाले. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच रस्त्याने जाणारा हा माणूस. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचं नावही नव्हतं.

घरी आल्यावर मी हेल्मेट काढून घेतलं आणि डोळ्याच्या शेजारी अंगठा दाबला. अंगठा आत गेला. आतली अस्तराची पट्टी ओढून पाहिली, तर पांढरा थर वाळवी लागल्यासारखा पोखरलेला. शाबूत होते फक्त दोन उंचवटे, डोळ्यांच्या मागचे.

मूर्तिकाराने आत बोट घालून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "थिनर थर्माकोल खातंय. मखराला ऑइलपेंट लावू नये, हे शेंबडं पोरगंबी सांगंल. पर टोपीत मखर हाय हे कुणाला ठावं?" डोळ्यांच्या जागी स्टिकर होतं, म्हणून तेवढ्या जागेत थिनर उतरलं नव्हतं. वडिलांचं रक्षण करायला खरोखरच फक्त डोळे उरले होते. प्रत्येकी दोन बोटं रुंद.

दुसऱ्या दिवसापासून वडील वळताना मान वळवून मागे पाहू लागले. हेल्मेट डोळ्यांसकट कचऱ्यात टाकायला आई तयार नव्हती, म्हणून ते डोळे मी ओल्या फडक्याने पुसले. बुबुळं निघून गेली आणि खाली स्टिकरवरचा मजकूर दिसू लागला. डाव्या डोळ्यात रंग, थिनर आणि पेट्रोल यांची नावं होती. ती लावू नयेत, हे उजव्या डोळ्यात होतं. वडिलांनी चष्मा लावून ते दोनदा मोठ्याने वाचलं. उच्चार चोख होते. तीस वर्षं ते शाळेत इंग्रजीच शिकवत होते.