एनिडबाईंचा डावा हात

एनिड गार्बेटनी शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर बटाटे सोलले आणि निवृत्त झाल्यावर जलरंग हाती घेतले. काळ्या लाकडी तुळयांची, पांढऱ्या भिंतींची, रस्त्यावर ओणवलेली आमच्या लडलो या इंग्लिश गावातली जुनी घरं त्या रंगवायच्या. खुर्ची टाकून बसायच्या मात्र नेमक्या सिरिल प्रीस खाटकाच्या दारात. माझं लोकरीचं दुकान समोरच, त्यामुळे दोघांची जुगलबंदी रोज कानावर यायची.

"बाई, गिऱ्हाइकांनी काय तुमच्यावरून उडी मारून यायचं?"

"मारू देत की! तुमची चरबी खाऊन जड झालीत, तेवढीच हलकी होतील."

एका वसंतात एनिडबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आल्या त्या पडदे ओढूनच बसल्या. मी सूप घेऊन जायची. ते तसंच गार व्हायचं.

एका सकाळी मी तिथे असतानाच सिरिल आला, अंगात कामाचा एप्रन तसाच.

"खुर्ची कुठाय? चला."

"हात मेलाय माझा, सिरिल."

"एकच ना? दुसरा काय फुकट खायला ठेवलाय? अहो, तुमचं चित्र बघायला लोक थांबायचे आणि लाजेकाजेस्तव दोन सॉसेज घेऊन जायचे. आता कुत्रंही थांबत नाही."

एनिडबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. त्यानं खुर्ची उचलली, मी रंग घेतले.

डाव्या हातानं पहिल्याच दिवशी पाणी सांडलं. ब्रश भरकटला. चित्रात सिरिलचं दुकान पार कलंडलं.

"झिंगलंय जणू!" सिरिल म्हणाला.

एनिडबाईंनी चित्राकडे पाहिलं, मग दुकानाकडे. "ते आहेच तसं," त्या अडखळत म्हणाल्या. "इतकी वर्षं मीच वेडी, पट्टी लावून सरळ करत होते."

त्यानंतर खुर्ची न्यायला गावात चढाओढ लागली. पावसाची भुरभुर आली की कुणीतरी छत्री धरायचं. घरं वाकडी यायची, पण त्यांत आता कुणी राहतंय असं वाटायचं.

पुढे चर्चच्या सभागृहात त्यांची चित्रं मांडली. पाद्रीसाहेबांनी दोन शब्द बोलायला सांगितलं. एनिडबाईंनी डावा हात उचलून कोपऱ्याकडे बोट केलं.

"तो... चहाच्या पिंपामागे लपलाय ना, त्यानं मला घरातून बाहेर काढलं. देव त्याचं भलं करो."

सगळे वळले. सिरिल कानापर्यंत लाल झाला.

"चहा गार होतोय," तो पुटपुटला, आणि पहिला कप त्यांनाच नेऊन दिला.