कंपाउंडर बघायला शिकले

आमच्या वरच्या मजल्यावर कंपाउंडर राहतात. दवाखान्यातली नोकरी संपून बराच काळ लोटला, पण गावाने दिलेलं हे नाव काही सुटलं नाही. बाजारातल्या दवाखान्यात एका लहानशा खिडकीआड उभं राहून त्यांनी आयुष्यभर पुड्या बांधल्या, बाटल्या भरल्या आणि "हलवून घ्यायचं बरं का" हे वाक्य म्हटलं. माणूस सज्जन, हाताचा चोख, बोलायला मऊ. उणीव एकच. त्यांना आजूबाजूचं काही दिसत नसे. नजर अधू होती असं नाही. बाटलीवरची मुंगीच्या पायांसारखी अक्षरं ते आजही चष्म्याशिवाय वाचतात. पण घर ते दवाखाना जाता-येता मान खाली, आणि डोक्यात उद्या संपणारी औषधं. माणसंसुद्धा ते दुखण्यावरून ओळखत. "टॉन्सिलवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणे," असं एकदा ते सहज बोलून गेले. टॉन्सिलवाला म्हणजे आमचे नगराध्यक्ष, हे समजायला मला वेळ लागला.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, अगदी उलट. त्या बटणं आणि दोरे विकणाऱ्या दुकानात कामाला होत्या. गिऱ्हाईक कापड घरी विसरून आलं, तरी नुसत्या वर्णनावरून रीळ काढून देत आणि ते कापडाला बरोबर जुळत असे. नुसता हिरवा असा रंग त्यांच्या लेखी नव्हताच. पोपटी होता, शेवाळी होता, बाटलीचा होता. काम सोडल्यावरही रोज संध्याकाळी त्या बाजारात फेरी मारून येत. आमचं गाव टेकडीच्या अंगावर वसलेलं आहे. घरं वर, बाजार खाली, मधे दगड बसवलेला वळणाचा उतार. त्या उतारावरून वहिनी अशा ऐटीत चालत, की खाली दुकानदारांना न बघताही कळे, वहिनी आल्या.

त्याच उतारावर त्या पडल्या. दगड ओले होते, पाय सरकला. फुलवालीने आणि आणखी दोघांनी उचलून घरी आणलं. पायाचं हाड मोडलं होतं. ते जुळलं. डॉक्टर म्हणाले, "झालं, आता चाला. चालला नाहीत तर हा गुडघा असाच आखडून जाईल, मग माझ्याकडे येऊ नका." वहिनी हो म्हणाल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. आज थंडी आहे, आज डोकं जड आहे, आज पाहुणे येतील. दुसऱ्या गावी असलेली मुलगी फोनवर ओरडायची, "आई, निदान गॅलरीपर्यंत तरी जा!" त्यावर वहिनी शांतपणे म्हणत, "जाते की. उद्या."

खरं कारण त्यांनी एकदा मला सांगितलं. "दुखत नाही हो आता. पण सगळ्या बाजाराने मला पालथी पडलेली बघितली. आता काय तोंड घेऊन जाऊ?"

आता बाजारात कंपाउंडर जाऊ लागले. ते पिशवी घेऊन परतले, की वहिनी खुर्चीतून विचारत, "काय नवीन?"

"काही नाही. आहे तसंच आहे."

"कोणी भेटलं?"

"तो पोटदुखीवाला भेटला."

वहिनी कपाळावर हात मारून घेत.

एका दुपारी मी वर बसायला गेले होते. कुलपवाल्याने दुकानाचं दार रंगवलं, अशी बातमी वहिनींच्या कानावर आली होती. कंपाउंडर आत येतात न येतात तोच त्यांनी विचारलं, "अहो, दाराला कोणता रंग दिलाय?"

"हिरवा."

"कोणता हिरवा?"

"हिरवा म्हणजे हिरवा. त्यात कोणता काय?"

"हिरवा तो देणार नाही. त्याच्या बायकोला हिरवा आवडत नाही. निळा असेल."

"अगं, मी आत्ता बघून आलो ना! हिरवा आहे."

"तुम्ही? बघून आलात?" वहिनी हसल्या आणि मग एकदम चिडल्या. "आपल्या घराच्या दाराचा रंग सांगा बरं, मागे न बघता."

कंपाउंडरांची मान मागे वळू लागली. त्यांच्या गॅलरीच्या टोकाला उभं राहून वाकलं, तर खालच्या वळणावरचं कुलपवाल्याचं दार अर्धं दिसतं. वहिनी उठल्या. खुर्चीचा हात सोडला, भिंतीला हात लावला, मग तोही सोडला आणि तरातरा गॅलरीच्या टोकाला गेल्या. तिथून त्यांचा आवाज आला, "मोरपंखी! मोरपंखीला हिरवा म्हणतात का कधी? काय माणूस आहे!"

कंपाउंडर रंगाचं ऐकतच नव्हते. ते बायकोच्या पायांकडे बघत होते.

संध्याकाळी ते खाली माझ्या दारात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, औषध सापडलं. आता डोस तेवढा ठरवायचा."

औषध म्हणजे चूक. वहिनींना दुखणं सोसतं, पण चुकीचं सोसत नाही, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घाई केली. घरात शिरताच म्हणाले, "फुलवालीने दुकान बंद केलं. गावच सोडून गेली." वहिनींनी मानही वर केली नाही. "सकाळीच तिचा आवाज ऐकलाय मी. काहीतरी बरळू नका."

डोस फार मोठा झाला होता. कंपाउंडरांना कळलं, थाप मारणं सोपं, पण नेमकं चुकणं अवघड. चूक इतकी लहान हवी, की खरी वाटेल, आणि इतकी टोचायला हवी, की स्वस्थ बसवणार नाही. आणि लहानसं चुकायचं, तर आधी बरोबर काय आहे ते नीट बघायला हवं. इथेच त्यांची पंचाईत होती. मान वर करणं आलं.

मग ते बाजारात जागोजागी थांबून बघू लागले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं काही हरवलंय. फुलवालीने विचारलं, "काय देऊ, कंपाउंडर?"

"काही नको. बघतोय."

"अगोबाई! जन्मभर इथून ये-जा केलीत, आज दिसलो होय आम्ही? आणि मी कोण ते तरी माहीत आहे का?"

"माहीत आहे की. तुम्ही खोकलावाल्या."

"खोकला माझ्या सासूला होता!" फुलवाली म्हणाली आणि शेजारचा न्हावी हातातली कात्री थांबवून हसत सुटला.

पण काम होऊ लागलं. फाटकाजवळच्या वेलीला पांढरी फुलं आलीत, असं कंपाउंडर म्हणाले. वहिनी "पांढरी कशी असतील?" म्हणत जिना उतरल्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा घट्ट धरून, पण उतरल्या. फुलं पिवळी होती. नाक्यावरच्या दिव्याचा खांब वाकलाय, असं ते म्हणाले. वहिनी नाक्यापर्यंत गेल्या, एक डोळा मिटून खांब बघितला आणि परत येऊन म्हणाल्या, "खांब सरळ आहे. तुमची मानच वाकडी झाली आहे, खाली बघून बघून." पण नाक्याच्या पुढे उतार सुरू होतो. तिथून त्या मागे फिरत. उताराखालची कितीही चुकीची बातमी आणली, तरी त्या नुसतं म्हणत, "असेल बाई." गुडघा आता बऱ्यापैकी वाकत होता, पण उताराचं नाव काढलं की तो पुन्हा दुखे.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी कंपाउंडर वर न जाता आधी माझ्याकडेच आले. चेहरा लहान मुलासारखा फुललेला.

"बाई, आज एक बघितलं. न्हाव्याच्या दुकानात संध्याकाळचं ऊन सरळ आरशावर पडतं. त्या आरशातून ते समोर कागदवाल्याच्या ओट्यावर जातं. चांगलं चौकोनी ऊन, चादर पसरावी तसं. आणि त्यात एक मांजर येऊन बसतं. ऊन सरकलं की तेही सरकतं. पण खरी गंमत पुढेच आहे. खुर्चीत गिऱ्हाईक असलं, की त्याच्या डोक्याची सावली त्या उन्हात पडते. न्हाव्याचा कंगवा वर-खाली होतो ना, तर ते मांजर त्या कंगव्याच्या सावलीला पंजे मारतं! मी उभाच राहिलो. दूध आणायचं विसरलो."

"मग हे आता कसं चुकवून सांगणार?" मी विचारलं.

ते विचारात पडले. "हे चुकवायला मन होत नाही. जसंच्या तसं सांगतो."

त्यांनी तसंच सांगितलं. मीही मागोमाग वर गेले होते. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साफ खोटं."

"अगं, खरं आहे!"

"कागदवाल्याकडे मांजर? त्याला मांजराच्या केसांनी शिंका येतात. तुम्हीच त्याला गोळ्या देत होता. त्याच्या ओट्यावर मांजर बसूच शकत नाही."

त्या गोळ्या त्यांनी खरंच दिल्या होत्या. "पण बघितलं मी," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका केविलवाणा झाला, की मला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस मुद्दाम चुकत आलेला माणूस, खरं बोलला तेव्हाच कोणी विश्वास ठेवेना.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या किती वाजता पडतं ते ऊन?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. नाक्यापर्यंत वहिनी काठी टेकत बडबड करत होत्या. उताराच्या तोंडाशी थांबल्या. खाली दुकानं दिसत होती, माणसं दिसत होती. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"परत जायचं का?" कंपाउंडरांनी विचारलं. "मांजराचं काय, मलाच चुकून दिसलं असेल."

"तुम्ही पुढे चला. माझ्याकडे बघत चालू नका. दोघंही पडू."

त्या भिंतीच्या कडेने उतरल्या. हळू, अगदी हळू. जिथे पडल्या होत्या तो दगड आला, तेव्हा त्यांनी त्याला काठी टेकवून बघितली आणि बाजूने पाय टाकला. खाली पोचेपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. न्हाव्याने दारातून बघितलं. मला वाटलं, आता हा पडल्याचं काढतो की काय. पण तो म्हणाला, "वहिनी, अगदी वेळेवर आलात. बसायला स्टूल देऊ?" फुलवालीने पाणी आणलं. कोणी पडल्याचा शब्द काढला नाही. कदाचित कोणाच्या लक्षातही नव्हतं.

ऊन ओट्यावर पडलंच होतं. मांजर नव्हतं. कंपाउंडर अस्वस्थ होऊन इकडे-तिकडे बघू लागले. तेवढ्यात फुलवालीच्या टोपल्यांमागून ते आलं, अंग ताणलं आणि उन्हाच्या बरोबर मध्यावर बसलं. खुर्चीत एक टकलू गृहस्थ होते. त्यांच्या गोल सावलीवर कंगव्याची सावली उगाचच फिरली आणि मांजराने पंजा मारला. वहिनी इतक्या मोठ्याने हसल्या, की आतले गृहस्थ मान वळवून बघू लागले आणि न्हावी ओरडला, "हलू नका, होते ते चार केसही जातील!"

"बघितलंस?" कंपाउंडर म्हणाले.

"बघितलं. पण मांजर त्याचं नाही. नुसतं बसायला येतं," वहिनी म्हणाल्या. तरी ऊन वर चढून खिडकीच्या कठड्यावर जाईपर्यंत, आणि त्यामागे मांजरही उडी मारून जाईपर्यंत, त्या स्टुलावरून उठल्या नाहीत. वर चढताना त्यांनी नवऱ्याचा हात धरला. तो थकव्यामुळे धरला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कंपाउंडर घाबरेघुबरे माझ्या पायरीवर आले. "गेली! मी आंघोळीला गेलो होतो. एकटी गेली. काठीसुद्धा दाराशीच आहे."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं झालं हो," ते म्हणाले आणि पायरीवर बसून नाक्याकडे डोळे लावून राहिले. मी चहा टाकला. तो त्यांनी हातात धरला, पण प्यायले नाहीत.

बऱ्याच वेळाने वहिनी नाक्यावर दिसल्या. लंगडत होत्या, धापा टाकत होत्या, हातात दोऱ्याची दोन रिळं होती. येऊन माझ्या पायरीवर धपकन बसल्या आणि नवऱ्याच्या हातातला चहा घेऊन एका घोटात अर्धा संपवला.

"सकाळी तिथे वेगळंच असतं," त्या म्हणाल्या. "आरशाबिरशातून नाही, कागदवाल्याच्या ओट्यावर सरळच ऊन येतं. पण मांजर नसतं. न्हावी बसतो पेपर घेऊन. आणि कागदवाला तरीही शिंकतच असतो! मांजराचं काही नाही हो ते, त्या कागदांची धूळ आहे. इतकी वर्षं कसल्या गोळ्या दिल्यात त्याला?"

"गुडघा कसा आहे?" कंपाउंडरांनी विचारलं.

"गुडघ्याचं काय घेऊन बसलात! ऐका तरी पुढे," वहिनी म्हणाल्या.