पाटीवरचा मॅडमचा फोटो

आज आमच्या जळगाव जामोदच्या शाळेत सरिता मॅडमना शिकवण्यापासून थांबवलं. त्या विशेष मुलांना शिकवतात. लग्न होऊन बऱ्हाणपूरहून इकडे आल्या. विशेष शिक्षक म्हणून त्यांची नोंदणी मध्य प्रदेशातली आहे. ती इकडे बदलून येईपर्यंत वर्गात यायचं नाही, म्हणे.

माझी मुलगी स्वरा त्यांच्याच वर्गात आहे. ती बोलत नाही. पुढे काय होणार आहे, त्याचा फोटो घरच्या पाटीवर लावला की मगच ती हलते. ही सवय मॅडमनीच लावली. मॅडमचा फोटो म्हणजे शाळा.

"मॅडम, तिले काय सांगू मी?"

"ताई, पाटीवरून माझा फोटो काढून ठेवा. नाहीतर वाट पाहत बसेल."

घरी येऊन मी तो काढला. स्वरानं माझ्या हातातून घेऊन परत लावला आणि दप्तर अडकवून दाराशी उभी राहिली.

अजून उभीच आहे. 'नोंदणी बाकी आहे' याचं चित्र कसं काढतात, तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?