आतोबांचा कायदा

जगातल्या प्रत्येक भांडणाचा निकाल देवानं आधीच देऊन ठेवलेला आहे, आपण फक्त पोथीचं नेमकं पान उलटायचं, अशी पक्की खात्री असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझे आतोबा, तुमच्या पणजोबांच्या बहिणीचे यजमान. देशाचा कायदा धर्मावर चालावा की नाही, यावर म्हणे तिकडे तुमच्या वर्गात वादविवाद झाला. मुलांनो, तो वाद आमच्या लहानपणी, आम्ही बेळगावहून सुट्टीला जायचो त्या निपाणीत, आतोबांच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी होत असे. फरक इतकाच, की तिथे एकच बाजू असे, आणि ती आतोबांची.

आतोबा शाळेत संस्कृत शिकवत आणि शाळा सुटली की गल्लीला न्याय देत. गल्ली त्यांना आप्पा म्हणे. इंग्रजाची कोर्टं त्यांना मान्य नव्हती. "स्वराज्य आलं की हे काळे डगले सगळे घरी," असं ते म्हणत, "मग न्याय पोथीतून." तोवर सराव म्हणून ते स्वतःच निवाडे करत. एकदा शेजारच्यांच्या शेळीनं कुणाचे तरी वाळत घातलेले पापड खाल्ले. आतोबांनी अर्धा दिवस पानं चाळली आणि शेळीला एकादशीचा उपास फर्मावला. शेळी आणून त्यांच्याच ओसरीत बांधली. संध्याकाळी पाहतात तो तिनं उपास मोडला होता, आणि तोही निवाडा ज्या पानावर होता ते पान खाऊन. मात्र आतोबांचा कायदा दिसायला जितका कडक, तितकाच आतून मऊ होता. समोर कुणाचे डोळे भरून आले की त्यांना हमखास सोयीचं वचन सापडायचं. आत्याला चहावाचून राहवत नसे, म्हणून त्यांनी निकाल दिला, "चहा ऋषींना ठाऊकच नव्हता. ठाऊक नसलेल्या वस्तूची मनाई ते कशी करतील?" तेव्हापासून आत्या कडकडीत निर्जळी एकादशीलाही दोनदा चहा घेई.

त्यांच्या कट्ट्यावरचा दुसरा माणूस म्हणजे समोरच्या पानाच्या दुकानातले तांबोळी चाचा. हे पाच वेळा नमाज पढणारे, आणि कायदा धर्माचाच हवा याविषयी आतोबांशी शंभर टक्के सहमत. "बराबर हाय आप्पा, देवाचं सोडून माणसाचं काय ऐकायचं?" असं ते म्हणाले की आतोबा खूश होत आणि त्यांच्याकडून आणखी एक पान घेत. एकदा माझ्या वडिलांनी सहज विचारलं, "पण कायदा नेमका कुणाच्या धर्माचा?" आतोबांनी चाचांकडे पाहिलं, चाचांनी आतोबांकडे. मग दोघांनाही एकदमच राग आला, आणि तो एकमेकांचा नव्हे, माझ्या वडिलांचा.

अशात सरकारनं कायदा केला, की चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावायचं नाही. आतोबांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांची सुमी, माझी आतेबहीण, तेव्हा बारा सरून तेराव्यात होती. शाळेत पहिली आली होती, आणि पुढे इंग्रजी शिकायला बेळगावला आमच्या घरी येण्याचं तिनं आणि मी पक्कं ठरवलं होतं. पण पोथी म्हणे, मुलीचं लग्न वेळेवर व्हावं, आणि इंग्रज म्हणतो होऊ नये. मग आतोबा कुणाचं ऐकणार? त्यांनी हद्दीपलीकडच्या गावातलं स्थळ ठरवलं. निपाणी इंग्रजांची, पण थोडं पुढे गेलं की संस्थान लागे आणि तिथे हा कायदा नव्हता. त्या वर्षी कितीतरी लोक मुलीबाळींना गाडीत घालून हद्द ओलांडत आणि लग्न लावून परत येत. वरपक्षानं आधीच सांगून ठेवलं होतं, "लग्नानंतर शाळा बंद." सुमी चार दिवस रडत होती. आतोबा त्या चार दिवसांत पोथीतून डोकं वर काढत नव्हते. पण या वेळी वचन काही सापडेना.

सगळे लोक शेतातल्या गाडीवाटेनं जात. आतोबा म्हणाले, "धर्मकार्य चोरवाटेनं करायचं नसतं," आणि गाडी थेट मोठ्या रस्त्यानं काढली. घड्याळ इंग्रजी म्हणून वर्ज्य. त्यामुळे मुहूर्त पाहायला भटजींच्या मांडीवर पाण्याचं घंगाळ आणि त्यात तरंगणारी छिद्राची वाटी. वाटी बुडाली की घटका भरली. दर खड्ड्याला मुहूर्त हिंदकळत होता आणि भटजींचं धोतर भिजत होतं. मी करवली म्हणून सुमीशेजारी. मुंडावळ्या बांधलेल्या सुमीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या.

हद्दीच्या नाक्यावर जमादार पुढे आला. त्याला काळजी फक्त चोरट्या तंबाखूची.

"कुठं निघालासा? तंबाखू हाय काय गाडीत?"

आत्या घाईघाईनं म्हणाली, "छे हो, आम्ही देवीच्या दर्शनाला."

"खोटं!" आतोबा गाडीतून खाली उतरले. "जमादार, आम्ही लग्नाला निघालोय. ही नवरी."

जमादारानं सुमीकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. "मालक, म्या फकस्त तंबाखू इच्यारली."

"पण उत्तर खोटं मिळालं ना? ते दुरुस्त करायला नको? मुलीचं वय बारा पुरं."

"आता ऐकलं म्हटल्यावर मला वर कळवाया लागंल बघा! चौदा म्हणा की. तुमचंबी भागंल, माझंबी."

"जन्मात खोटं बोललो नाही."

"मग आठवत न्हाय म्हणा!"

"पोटच्या मुलीचा जन्म आठवत नाही?" आणि आतोबांनी तिथी, वार, नक्षत्र, चरण, शिवाय त्या दिवशी पडलेला वळीव, सगळं सांगायला सुरुवात केली. जमादारानं हात जोडले, आत्यानं कपाळ बडवलं, भटजी ओरडले, "आप्पा, वाटी बुडायला आली!" आतोबा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात असतानाच वाटी बुडाली. जमादारानं लिहून घेतलं नाही, पण गाडी मात्र माघारी वळवली.

पलीकडून निरोप आला, "ज्यांना नाक्यावर गप्प बसता येत नाही, असे व्याही आम्हांला नकोत." पुढच्या प्रत्येक स्थळाला आतोबा खरं तेच सांगत: मुलगी हट्टी आहे, भात करपवते, रागावली की जेवत नाही. स्थळं येत नि परत जात. तेवढ्या काळात सुमी बेळगावला आली, माझ्याबरोबर मॅट्रिक झाली, शिक्षिका झाली आणि आपल्या पसंतीच्या मास्तरांशी तिनं लग्न केलं. आतोबांनी त्या दिवशी तोंडभर आशीर्वाद दिला. आतोबांनी नाक्यावर तोंड उघडलं ते पोथीतल्या सत्यासाठी की गाडीतल्या सुमीसाठी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ते नीटसं ठाऊक नव्हतं.

स्वातंत्र्य मिळालं त्या आठवड्यात सुमी आणि मी निपाणीला गेलो होतो. कट्टा भरला होता. गल्लीतला एक तरुण उत्साहानं म्हणाला, "आप्पा, आता तुमचं राज्य! आता कायदा पोथीतनंच!" चाचा त्या दिवसांत फार बोलत नसत. त्यांनी पानाला चुना लावता लावता मान खाली घातली. आतोबांनी ते पाहिलं.

"पोथीत लिहिलंय मुलीचं लग्न लाव," ते सावकाश म्हणाले, "आणि लिहिलंय खरं बोल. नाक्यावर दोन्ही समोरासमोर आली, तेव्हा देव काही खाली उतरला नाही बाबा. मलाच ठरवावं लागलं. माझी पोथी मला धाक घालते तेवढी पुरे. तिच्या जिवावर दुसऱ्याच्या दारात शिपाई उभा करायचा नाही. माणसांनीच ठरवायचं असेल, तर सगळ्यांना विचारून ठरवा."

"एवढं कळायला इतकी वर्षं लागली व्हय तुला?" चाचांनी विचारलं.

"तुला आधीच कळलं होतं?"

"न्हाय. तुझ्या आधी कसं म्हणायचं, म्हणून थांबलोतो."

दोघंही खूप हसले. मग आतोबा दाराकडे वळले. उंबऱ्याशी सुमी उभी होती. "त्या दिवशी मी जमादाराशी वाद घातला, भटजींचं ऐकलं. हिला मात्र एका शब्दानं विचारलं नाही. ये सुमे, बैस. सांग, कसा असावा कायदा?"

सुमी आधी लाजली, मग बोलू लागली, आणि बोलतच राहिली. देशाचा कायदा, म्हणजे राज्यघटना, लिहून पुरी व्हायच्या आत आतोबा गेले. मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे: धोतर आवरून कट्ट्यावर थोडे सरकलेले, लेकीला बसायला जागा करून दिलेली, आणि जन्मात पहिल्यांदाच समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसलेले.