झरमीनाचा रिकामा डबा

“बेन, आने गियाँ-बारे सिंड्रोम कहे छे,” असं म्हणून बडोद्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी हातातला छोटा हातोडा खिशात ठेवला. माझ्या दोन्ही गुडघ्यांवर ठोकूनही पाय जागचे हलले नव्हते.

नाव ऐकून मला वाटलं, फ्रान्समधला एखादा नवा साबण असावा. डॉक्टरांनी मग नीट समजावून सांगितलं. ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर कधीकधी शरीराची राखण करणारी यंत्रणाच बिथरते आणि आपल्याच नसांवरचं आवरण खाऊ लागते. पायांपासून सुरुवात होते, मग ते वर चढत जातं. उतरतंही, पण गोगलगाईच्या चालीनं. “छाती सुधी न पहोंचे, एटलुं ज जोवानुं,” ते म्हणाले. छातीपर्यंत पोचलं तर श्वासासाठी मशीन लावावं लागणार होतं.

त्याआधीच्या आठवड्यात मला जुलाब झाले होते. मग तळपायांना मुंग्या आल्या. चप्पल चावते म्हणून मी चप्पल बदलली. खंडेराव मार्केटात वांगी निवडताना गुडघे मोडले आणि मी टोपलीवरच बसले. तुमच्या पायांतल्या मुंग्या वर सरकू लागल्या तर चप्पल बदलू नका, डॉक्टर गाठा.

माझ्या कण्यातलं पाणी तपासलं, नसांतून वीज किती वेगानं जाते ते पाहिलं, सलाइनमधून इम्युनोग्लोब्युलिन सुरू केलं. म्हणजे निरोगी माणसांच्या रक्तातली संरक्षक द्रव्यं; ती आपल्या बिथरलेल्या शिपायांना शांत करतात. रोज सकाळी डॉक्टर एका दमात आकडे मोजायला लावत. दम जितका कमी पुरेल तितकं मशीन जवळ. रोज माझा आकडा घसरत होता, आणि मी घाबरले होते. तोवर हातही निकामी झाले होते.

आमच्या फतेगंजच्या चर्चच्या महिला मंडळाची सगळी फौज पहिल्याच रविवारी आली. खाटेभोवती कडं करून सगळ्यांनी मोठ्यांदा प्रार्थना केली. “आ वोर्ड छे, चर्च नथी!” म्हणत सिस्टरनं त्यांना बाहेर काढलं. मला हसू आलं, पण हसायलाही दम लागत होता. मग नाताळ जवळ आला. करंज्या, कॅरल, पडदे धुणं. बायका येईनाशा झाल्या, आणि त्यांना दोष कसा देऊ? एरवी तो सगळा कारभार मीच हाकत असे.

येत राहिली ती झरमीना.

झरमीनाचा नवरा काबूलहून इथल्या विद्यापीठात शिकायला आला होता. मागून ती आणि दोन मुली आल्या. तिकडे राजवट पालटली आणि परतीची वाट बंद झाली. आमच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी उपदेशात सांगितलं, परक्याला आसरा द्या, त्याचा धर्म विचारू नका. आम्ही त्यांना खोली शोधून दिली, मुलींना शाळेत घातलं, हिवाळ्यात रजया दिल्या. दर शुक्रवारी मी डबा पाठवायची. भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपली रीत. पण मंडळात ठरलं होतं, त्या कुटुंबाकडून काही घ्यायचं नाही, बिचाऱ्यांवर भार नको. पहिल्यांदा तिनं डब्यात काहीतरी घालून पाठवलं तेव्हा मी ते प्रेमानंच परत धाडलं. त्यानंतर दर शुक्रवारी माझा डबा लख्ख घासून रिकामा येई.

फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं की हातपाय दिवसातून अनेकदा कुणीतरी हलवायला हवेत, नाहीतर सांधे आखडतात. आमच्या ह्यांचे हात थरथरायचे. झरमीना पदर खोचून पुढे आली. म्हणजे ओढणी खोचून.

“तू रहने दे. तेरी बच्चियाँ घर पे हैं,” मी म्हटलं.

तिनं माझी टाच तळहातावर घेतली. “सुमनबेन, दो साल से आप देती हैं, मैं लेती हूँ. वहाँ मेरे घर से कोई भूखा नहीं जाता था. यहाँ मैं सिर्फ़ लेनेवाली हो गई.”

आम्ही तो ठराव मायेपोटी केला होता. पण काबूलमध्ये गमावलेल्या घरातली यजमानीण आम्हीच तिला बडोद्यात होऊ दिली नव्हती. मला फार वाईट वाटलं. “अच्छा, मोड मेरा पैर,” एवढंच मी म्हणाले.

ती रोज चालत यायची. बोटं एकेक करून उघडायची, मिटायची. आकडे मोजताना ती तिच्या भाषेत साथ द्यायची, “यक, दू, से, चहार, पंज.” पंज आणि पाच सख्खी भावंडं वाटली. एके सकाळी माझा आकडा घसरायचा थांबला. डॉक्टर म्हणाले, “बस, हवे नीचे ऊतरशे.” म्हणजे दुखणं आता उतरणीला लागणार होतं. मशीन लागलं नाही. झरमीनानं ओढणीत तोंड लपवलं आणि ती रडली.

उतरायला मात्र महिने गेले. आधी हात आले, मग काठीवर पाय. तुमच्यावर अशी वेळ आली तर घाई करू नका, आणि मदतीला येणाऱ्याला “राहू दे” म्हणू नका. ती मदत करण्याची गरज त्याला तुमच्याहून जास्त असू शकते.

ईस्टरनंतरच्या शुक्रवारी मी पुन्हा डबा पाठवला, पुरणपोळीचा. सोबत निरोप दिला, आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत.

संध्याकाळी दार वाजलं. काठी टेकत मीच गेले. झरमीना उंबऱ्यात उभी होती. डब्यातून गाजर-मनुकांच्या भाताचा वास येत होता. ह्यांनी घाईनं हात पुढे केला, तशी तिनं मान हलवली आणि डबा माझ्यापुढे धरला.

काठी भिंतीला टेकवून मी तो दोन्ही हातांनी घेतला. चांगलाच जड होता. पडला नाही.