दुलमावहिनीची मेंढी

दुलमावहिनी कशाला घाबरते, असं कोणी मला या वसंतापर्यंत विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, कशालाच नाही. एकदा लांडगा कळपात शिरला, तेव्हा ती दूध ढवळायची पळी हातात घेऊन तशीच धावली होती. परत आली ती कुरकुरत, की पळीचा दांडा मोडला. चुलूनदादा, माझा थोरला भाऊ, तिच्यापुढे अगदी मवाळ. खोऱ्यात कुणाची मेंढी अडली की लोक मोटरसायकल घेऊन वहिनीलाच न्यायला येतात. तिचा तळहात लहान आणि बोटं लांब. हात आत घातला की ती डोळे मिटते, आणि थोड्या वेळाने कोणाशी तरी गप्पा मारल्यासारखी म्हणते, "हां, हा गुडघा. आणि तू इथे काय करतोयस रे?"

अशा बाईला दुसऱ्यांदा दिवस गेले, पहिल्या वेळेनंतर आठ वर्षांनी. आईला तर आनंदाने काय करू नि काय नको झालं होतं. तोंडाने मात्र ती म्हणायची, "काही नाही, वारा धरलाय पोटात."

आमच्याकडे बोलायची रीतच ती. तान्हं मूल गोंडस असलं तर "काय ध्यान आहे" म्हणायचं, बाळसेदार असलं तर "हाडं मोजून घ्या" म्हणायचं. मुलं उचलून नेणारी भुतं कान देऊन ऐकत असतात. वहिनीच्या थोरलीचं, माझ्या भाचीचं, नाव एनेबिश, म्हणजे "ही ती नव्हे". नेणाऱ्याने ऐकलं तर पत्ता चुकला म्हणून परत जावं.

मी तालुक्याच्या गावात वीज केंद्रावर कामाला आहे. हिवाळा संपता संपता आई वहिनीला तपासणीसाठी घेऊन आली, तेव्हा मीही दवाखान्यात गेले. डॉक्टर सोलोंगो शरद ऋतूतच इथे बदलून आलेली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिने वहिनीच्या पोटावर यंत्र फिरवलं, पट्टीने पोट मोजलं, मग पुन्हा मोजलं.

"दुलमाताई, यंत्र म्हणतंय मूल मोठं आहे. पण यंत्र चुकतंही. पहिलं केवढं होतं?"

"इवलंसं," वहिनी म्हणाली.

"उंदराएवढं," आई म्हणाली. "उंदीर तरी बरा."

डॉक्टरला हसू आलं. "मावशी, मी पण मेंढपाळाचीच पोर आहे. माझ्या आजीने मला पाच वर्षांची होईपर्यंत 'कुत्र्या' म्हणून हाक मारली. पण मी भूत नाही हो, मी डॉक्टर आहे. पहिलं मोठं असेल, बाहेर येताना अडलं असेल, तर मी यांना आत्ताच जिल्ह्याला पाठवते. तिथे पोट उघडून मूल काढता येतं. इथे नाही येत. म्हणून खरं सांगा."

वहिनीने आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर पाहत होती.

"छोटीच होती," वहिनी म्हणाली. "पटकन झाली."

एनेबिश झाली तेव्हा मी लांब वसतिगृहात राहून शिकत होते, मला काही माहीत नव्हतं. मलाही ते खरंच वाटलं.

एप्रिलमध्ये वहिनी दवाखान्याशेजारच्या बाळंतिणींच्या घरात राहायला आली. लांबच्या बायका दिवस भरत आले की तिथे येऊन थांबतात. तिकडे कळपात मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, त्यामुळे दादाला नि आईला हलता येणार नव्हतं. कामावरून सुटले की मी तिच्यासाठी मांसाचं सार आणि तळलेल्या पिठाचे तुकडे घेऊन जायची. एरवी ती माझ्या वाटणीचंही संपवायची. आता भांडं तसंच परत यायचं.

"जास्त खाल्लं की..." ती एवढंच म्हणायची, आणि पुढचं गिळायची.

शेजारच्या खाटेवर बोलोर नावाची एक बडबडी बाई होती. एका दुपारी ती वहिनीकडे बघून म्हणाली, "अगं बाई, तुझ्या पोटात काय उंटाचं पिल्लू आहे की काय? केवढं मोठं..."

वहिनी अशी ताडकन उठून बसली की मला वाटलं कळ आली. "तोंड बंद कर!" ती ओरडली. मग जमिनीकडे तीनदा थुंकली, आणि तिचे हात थरथरायला लागले. कोकरू बाहेर काढताना जे हात कधी हलत नाहीत, ते.

"मी गंमत केली गं," बोलोर पुटपुटली, आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली.

मी वहिनीचे हात धरले. ते बर्फासारखे होते. "काय झालं? सांग ना मला."

"ओयून, मेंढीचं कोकरू मोठं असलं आणि सुटलं नाही, तर आपण काय करतो?"

आपण मेंढी वाचवतो. कोकराचं काय करायचं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"मी केलंय ते," ती म्हणाली. "कितीदा तरी." आणि तोंड भिंतीकडे करून झोपली.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी आभाळ पिवळं झालं. वसंतातलं धुळीचं वादळ. नऊ वाजता दिवे लावावे लागले, आणि खिडकीच्या फटीतून येणारी धूळ उशीवर, चहावर, दातांवर बसायला लागली. मी केंद्रावर निघणार तोच दवाखान्यातून दारी नावाच्या नर्सचा फोन. "ये लगेच. तुझ्या वहिनीचं पाणी गेलंय. ती कोणाला हात लावू देत नाहीये."

मी तोंडाला फडकं बांधून धावत गेले. वहिनी बाळंतपणाच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती, पलंगाचा गज घट्ट धरून. डॉक्टर सोलोंगो समोर उभी होती, हातमोजे घालून तयार.

"डॉक्टर," वहिनी म्हणाली, "आमच्याकडे एक मेंढी आहे."

"दुलमाताई, आधी तपासू दे. मेंढीचं नंतर बोलू."

"आधी मेंढीचं ऐका." तिचा आवाज फाटला. "पहिल्या खेपेला तिच्या कोकराचं डोकं बाहेर आलं आणि सगळं थांबलं. डोकं बाहेर, बाकी आत. मग ते डोकंही कोणी आतून ओढल्यासारखं मागे गेलं."

डॉक्टरने बाजूचं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसली. तिने काही प्रश्न विचारण्याआधी वहिनीकडे नीट पाहिलं. ही मेंढी कोण ते तिला कळलं, हे माझ्याही लक्षात आलं.

"केवढं होतं ते कोकरू?" तिने अगदी हळू विचारलं.

वहिनीने दाराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "मेंढपाळाची आई म्हणाली, उंदराएवढं. पण त्याच्यासाठी जे पांघरूण शिवलं होतं ना, त्यात ते मावलं नाही."

"किती वेळ अडकलं होतं?"

"चूल विझली होती. ती परत पेटवून होईपर्यंत."

"सोडवलं कोणी?"

"मेंढपाळाच्या आईने ओढलं. बाहेर बर्फाचं वादळ होतं, ती एकटी काय करणार? तिने ओढलं म्हणून जगलं. तिला बोल लावायचा नाही."

"नाही लावणार. आणि कोकराचा पाय?"

"पुढचा. डावा." कळ आली. वहिनीने ओठ दाबून ती जाऊ दिली. "अजून उचलत नाही."

एनेबिशचा तो लुळा डावा हात. ती घोड्यावरून पडली होती, असं आईने मला सांगितलं होतं, सगळ्या खोऱ्याला सांगितलं होतं. मी भिंतीला टेकले.

"आणि त्या मेंढीला आता पुन्हा दिवस भरलेत," डॉक्टर म्हणाली.

"या वेळचं त्याहून..." वहिनीला पुढचा शब्द काढता येईना. तिने नुसती मान हलवली.

डॉक्टर उठून फोनकडे गेली. जिल्ह्याच्या दवाखान्याशी ती बोलत होती ते आम्हाला ऐकू येत होतं. गाडी निघू शकत नाही. रस्ता दिसत नाही. संध्याकाळी वारा पडला तर बघू. ती परत आली. "तुमची मेंढी संध्याकाळपर्यंत थांबेल?"

"नाही थांबणार."

"बरं." डॉक्टरने बाह्या वर सारल्या. तिच्या गळ्याजवळची शीर उडत होती. तीही घाबरली होती. "मग ऐका. डोकं येऊन थांबलं, तर मी ओढणार नाही. कोणीच ओढणार नाही. दारी, तू डावीकडे. ओयून, तू उजवीकडे. मी सांगितलं की यांचे पाय गुडघ्यात दुमडून पार छातीला लावायचे. एकदा करून दाखवा. अगं, असं हळुवार काय? ती काय चिनी मातीची आहे का? जोरात!"

आम्ही दोनदा सराव केला. वहिनी मधेच म्हणाली, "ओयून, तुझे हात केवढे गार आहेत गं," आणि क्षणभर हसली. मग हसता हसता रडायला लागली.

दुपारी डोकं आलं. काळ्याभोर केसांचं, रुंद. मला वाटलं, झालं, सुटलो. आणि तेवढ्यात ते मागे सरकलं. गाल तिच्या अंगाला चिकटून बसले. चेहरा निळा व्हायला लागला.

वहिनी ओरडली नाही. तिने फक्त म्हटलं, "तेच." आधीपासून ओळखीचं कोणी दारात उभं दिसावं तसं.

"पाय!" डॉक्टर म्हणाली. आम्ही ते दुमडून छातीला लावले. "दारी, पोटाच्या खाली दाब, हाडाच्या वर. इथे! ताई, आता जोर नको. थांबा. थांबा म्हटलं ना!"

काही झालं नाही. चेहरा जांभळा झाला. बाहेर वारा पत्र्यावर दगड आपटत होता. डॉक्टर स्वतःशीच मोजत होती, हळू आवाजात.

"फिरवा तिला. हातापायांवर. ओयून, कंबर धर! पालथी करा!"

वहिनीला आम्ही कशी पालथी केली मला सांगता येणार नाही. ती जड होती, घामाने निसटत होती, आणि पायांमध्ये ते डोकं. ती हातांवर आणि गुडघ्यांवर आली. डॉक्टरचा हात आत गेला. तिने डोळे मिटले. तिचा चेहरा आक्रसला, आणि मग ती कोणाला तरी पुटपुटली, "ये, ये, कोपर दे."

आधी एक हात आला. मग खांदा. मग एकदम सगळं मूल, पाण्यासह, रक्तासह, डॉक्टरच्या मांडीवर. मुलगा.

तो रडला नाही. दारीने त्याला पुसलं, पाठ चोळली, तोंडावर मास्क धरून हवा भरली. डॉक्टर एका हाताने वहिनीच्या पोटावर दाबत होती, कारण रक्त थांबत नव्हतं, आणि दुसऱ्या हाताने सुई टोचत होती. कोणाकडे बघू मला कळेना. वहिनी आडवी पडून फक्त एकच विचारत होती, "श्वास आहे? श्वास आहे?"

मग खोकल्यासारखा एक आवाज आला, आणि त्यामागून अशी बोंब, की दारी दचकली.

"आला बाई," दारी म्हणाली. "काय हे मेलं, मरतुकडं!" ती ओक्साबोक्शी रडत होती.

काट्यावर ठेवलं तेव्हा काटा साडेपाच किलोच्या पुढे गेला. डॉक्टरने वाचलं आणि आकडा तोंडातून काढला नाही. रक्त आता कमी झालं होतं. तिने हात धुतले, मुलाला कापडावर ठेवलं.

"हात," वहिनी म्हणाली. "हात बघा."

डॉक्टरने मुलाचं डोकं दोन बोटांवर थोडं उचललं आणि एकदम सैल सोडल्यासारखं केलं. दचकून मुलाने उजवा हात वर फेकला, बोटं पसरली. डावा तसाच राहिला.

वहिनीने माझं मनगट पकडलं.

"थांबा. बाळ गारठलंय," डॉक्टर म्हणाली. तिने डावा खांदा तळहाताने चोळला, गळ्याजवळचं हाड बोटाने चाचपलं, मुलाला ऊबदार कापडात गुंडाळलं आणि छातीशी धरून उभी राहिली. पुन्हा कापड उघडलं. पुन्हा डोकं सोडलं.

दोन्ही हात वर गेले. डावा जरा उशिरा, जरा कमी उंच, पण गेला.

"परत करा," वहिनी म्हणाली.

"ताई, बघितलंत की."

"परत."

मुलगा आता रागाने लाल झाला होता. तिसऱ्या वेळी त्याने दोन्ही हात असे झटकले की डॉक्टरच्या हनुवटीला लागले.

"पुरे," डॉक्टर म्हणाली. "आता तो मला मारायला लागला." तिने त्याला वहिनीच्या छातीवर ठेवलं आणि तिथेच जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसली.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने बोटांनी त्याचा डावा दंड शोधला, कोपर शोधलं, मनगट, मग एकेक बोट. मुठीत आपलं बोट घातलं. त्याने धरलं. तरी तिचं अंग थांबेना. पायांपासून खांद्यांपर्यंत ती इतकी थरथरत होती की लोखंडी पलंग खडखडत होता.

"ओयून," ती म्हणाली, "माझे पाय दाबून धर. मूल पडेल."

मी तिच्या पायांवर आडवी झाले आणि सगळं वजन टाकून धरून राहिले. बाहेर अजून काही दिसत नव्हतं.